काय मोजून आलास?

रिकी लॅम्बर्ट बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावायचा. लिव्हरपूलला खेटून कर्बी नावाचं गाव आहे, तिथला हा पोरगा. लिव्हरपूल क्लबच्या अकादमीत दहाव्या वर्षी गेला आणि पंधराव्या वर्षी त्याला नारळ मिळाला. मग ब्लॅकपूल, तिथेही तेच. हाताला दुसरं काम नाही म्हणून बीट. पुढे मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स अशी खालच्या डिव्हिजनांतली वर्षं. फुटबॉल बघणाऱ्यांनाही ही नावं नकाशात शोधावी लागतात. २००९ मध्ये साउथॅम्प्टनने त्याला घेतलं, तेव्हा तो क्लबसुद्धा तिसऱ्या पायरीवर होता. तीन वर्षांत क्लब आणि लॅम्बर्ट दोघंही प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर. साउथॅम्प्टनसाठी त्याने ३४ पेनल्टी मारल्या, चौतीसच्या चौतीस आत. ऑगस्ट २०१३ मध्ये इंग्लंडकडून पहिली मॅच, वेम्बलीवर, स्कॉटलंडविरुद्ध. सेकंड हाफमध्ये मैदानात आला, बॉलला पहिल्यांदा डोकं लागलं आणि गोल.

आणि जून २०१४ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, लिव्हरपूलने त्याला ४० लाख पौंड मोजून परत घेतलं.

पिक्चर असता तर इथे संपला असता. प्रत्यक्षात लॅम्बर्टने ते वर्ष बहुतेक बाकावर बसून काढलं. लीगमध्ये २ गोल, चॅम्पियन्स लीगमध्ये १. पुढच्या उन्हाळ्यात वेस्ट ब्रॉमला रवाना.

माझा पुतण्या याला सरळ 'फ्लॉप' म्हणतो. आमचं घर इंदूरच्या रामबागेत. रात्री बारानंतर घरात जागे असतात ते हा आणि मी, दोघंही फुटबॉलपायी. त्याचं वय असं की माणूस एक तर 'गोट', म्हणजे आजवरचा सर्वश्रेष्ठ, नाहीतर 'फ्लॉप'. उन्हाळ्यात खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू झाली की रोज मोबाइल माझ्या नाकासमोर धरतो. फोटो ठरलेला असतो. पाच-सहा वर्षांचं पोर, अंगात गुडघ्यापर्यंत येणारी जर्सी, समोरचा एखादा दात पडलेला. शेजारी त्याच क्लबची जर्सी घातलेला, करारावर सही करणारा मोठा माणूस.

"काका, हा पण बोलून राहिलाय की लहानपणापासून फॅन आहे."

"असेल."

"सगळेच कसे असतात भिया?"

रास्त प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये तर यावरून रॉबी कीनची कायमची चेष्टा झाली. २००८ मध्ये टॉटनहॅम सोडून लिव्हरपूलला गेला तेव्हा तो लहानपणापासून लिव्हरपूलचा, आणि २०१० मध्ये स्कॉटलंडला सेल्टिककडे गेला तेव्हा लहानपणापासून सेल्टिकचाही. लोकांनी मग तो जाईल त्या प्रत्येक क्लबाला त्याचा 'बालपणीचा क्लब' करून टाकलं. मला ही चेष्टा अर्धीच पटते. डब्लिनच्या पोराचा इंग्लंडमधला एक क्लब असतो आणि स्कॉटलंडमधला सेल्टिक असतो, आयर्लंडमध्ये घरोघरी हेच. पण लिव्हरपूलहून तो सहा महिन्यांत परत टॉटनहॅमला आला, आणि तेवढ्यानेच ते सगळं प्रेम तोंडदेखलं वाटायला लागलं. बिचाऱ्याला खेळवलंच नाही, हे कोण लक्षात ठेवतो?

माझी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे असल्या प्रकरणात मी नकळत खतावणी उघडतो. कोण किती प्रेम करतो ते कळायला मार्ग नाही. काय मोजून आला, ते मात्र दिसतं. पगार सोडला का, पदकं सोडली का, घरच्या लोकांसमोर नापास व्हायची तयारी ठेवली का. फोटोतल्या जर्सीला माझ्या लेखी किंमत नाही, ती तर बाप बाजारातून आणतो.

बापच आणतो, यातच सगळं आलं म्हणा. हा क्लब कुणी निवडत नसतो. फर्नांडो टोरेसला अ‍ॅटलेटिको माद्रिदचं वेड आजोबांनी लावलं. घराबाहेर शहरभर रेआल माद्रिद या दुसऱ्या क्लबचा बोलबाला असताना. जेमी कॅरॅगरची कथा तर उलटी. घर कट्टर एव्हर्टनचं. इतकं, की जेम्स ली डंकन या त्याच्या पूर्ण नावातला 'ली' एव्हर्टनच्या मॅनेजरवरून, गॉर्डन लीवरून, आणि 'डंकन' त्यांच्या डंकन मॅकेन्झीवरून. आणि हा गडी लिव्हरपूलकडून, म्हणजे भावकीतल्या वैऱ्याकडून, ७३७ मॅचेस खेळला. बारशाला मिळालेला क्लब पासपोर्टवर राहिला आणि घाम दुसरीकडे गाळला. त्याच्यावर कुणी 'बालपणीचा क्लब' म्हणून व्हिडिओ काढत नाही, पण निष्ठा म्हणायची तर आणखी कशाला म्हणायची?

खरं सांगायचं तर या विषयात मला गोडी लागली ती न्यूकॅसलमुळे. नव्वदच्या दशकात केबलवर इंग्लिश फुटबॉल दिसायला लागलं, तेव्हा शिअरर तिथे आलेला होता. अ‍ॅलन शिअरर न्यूकॅसलचाच, पत्र्याचं काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. लहानपणी केविन कीगनसाठी वेडा. कीगन १९८४ मध्ये न्यूकॅसलकडून शेवटचं खेळला, त्या निरोपाच्या सामन्यात हा बॉलबॉय होता. पण मोठा झाल्यावर खेळला साउथॅम्प्टनकडून, मग ब्लॅकबर्नकडून, आणि १९९५ मध्ये ब्लॅकबर्नला लीग जिंकून दिली. १९९६ च्या जुलैत मँचेस्टर युनायटेड दाराशी उभी होती. याने दीड कोटी पौंडांत, तेव्हाच्या जागतिक विक्रमी रकमेला, न्यूकॅसलचा रस्ता धरला. मॅनेजर कोण? कीगन. सहा महिन्यांत कीगन राजीनामा देऊन मोकळा झाला, ही गोष्ट वेगळी.

आता माझी खतावणी. शिअरर न्यूकॅसलमध्ये दहा वर्षं राहिला, २००६ पर्यंत. त्या दहा वर्षांत मँचेस्टर युनायटेडने पाच वेळा लीग जिंकली. न्यूकॅसलने एकदाही नाही. १९९८ आणि १९९९ मध्ये लागोपाठ एफए कपच्या फायनलला जाऊन दोन्ही हरले. शिअररचे न्यूकॅसलसाठी २०६ गोल, क्लबच्या इतिहासात सगळ्यांत जास्त, जॅकी मिलबर्नच्या २०० च्या वर. कपाटात कप मात्र एकही नाही. पुतण्या म्हणतो, वेडाच होता. मी म्हणतो, पावती आहे माझ्याकडे.

आणि घरच्या गावात नोकरी करणं काय असतं, ते मला विचारा. बँकेने मला झाबुआ, खंडवा, सतना असं फिरवून शेवटी शेवटी इंदूर दिलं, तेही घरापासून चालत जाता येईल अशी शाखा. घरात आनंदीआनंद. नोव्हेंबर उजाडला, पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागली, आणि त्या रांगेला वळसा घालून आईच्या भिशीतल्या काकू थेट माझ्या काचेशी. "अरे बाळा, एवढी एंट्री मारून दे रे." मी पन्नाशीकडे झुकलेला, मागे तीस माणसं, आणि मी बाळ. रांगेतल्या एका गृहस्थांनी "बाळासाहेब, आमचंही बघा" म्हणून घेतलं ते वेगळंच.

ते हसण्यावारी नेता आलं. सरांचं नाही. शाळेत ज्यांनी मला गणित शिकवलं ते सर मुलाच्या दुकानासाठी कर्ज मागायला आले. कागद बघितले, मुलाचा आधीचा हप्ता दोनदा थकलेला, सिबिलचा आकडा पार खाली. सतन्याला असतो तर दोन मिनिटांत नाही म्हणून पुढच्या माणसाला बोलावलं असतं. इथे चहा मागवला, कपावर साय धरेपर्यंत गप्प बसलो, मग नाही म्हणालो. सर म्हणाले, "बरोबर आहे, नियम म्हणजे नियम." वर्गात म्हणायचे त्याच आवाजात. त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला ते माझ्या शेजारची खुर्ची सोडून तीन खुर्च्या पलीकडे बसले.

म्हणून १९९९ च्या ऑगस्टमधली एक रात्र मला नीट समजते. न्यूकॅसलचा मॅनेजर तेव्हा रूड गुलिट, डच, मोठा खेळाडू, पण गावाला परका. शेजारच्या संडरलँडशी मॅच, ज्या मॅचवर तिथली अर्धी लोकं वर्ष काढतात. गुलिटने शिअररला बाकावर बसवलं. धो धो पाऊस, न्यूकॅसल १-२ ने हरली आणि तीन-चार दिवसांत गुलिटचा राजीनामा. परक्या गावात एखादा स्ट्रायकर बाकावर बसला तर ती बातमी. घरच्या गावात बसला तर तो शहराचा अपमान. शिअररच्या डोक्यावर ते शहर रोज होतं. गोल केला तरी आणि नाही केला तरी.

त्यानंतर आले बॉबी रॉबसन, वय ६६. तेही तिथलेच, डरॅमच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा. वडील त्यांना लहानपणी न्यूकॅसलच्या मॅचला न्यायचे. इंग्लंडचे मॅनेजर झाले, बार्सिलोना झालं, पोर्तो झालं, आणि निवृत्तीच्या वयात वडिलांच्या क्लबात, तोही तळाशी गेलेला असताना. घरच्या मैदानावरची त्यांची पहिली मॅच शेफिल्ड वेन्सडेशी. ८-० ने जिंकले, शिअररचे पाच गोल. मी आजही ती मॅच यूट्यूबवर शोधून बघतो. पाचही गोल काही देखणे नाहीत, पण चेहरा बघा त्याचा. २००४ मध्ये रॉबसनना क्लबने काढून टाकलं, ते मात्र मी बघत नाही.

आणि मग डॅन बर्न. हा मला शिअररपेक्षा जवळचा वाटतो, कारण शिअरर जन्मजात मोठा होता आणि बर्न नव्हता. न्यूकॅसलच्या वर समुद्रकाठी ब्लाइथ म्हणून गाव आहे, तिथला. न्यूकॅसलने त्याला अकराव्या वर्षीच काढलं. लहानपणी कुंपणावर चढताना उजव्या हाताचं एक बोट गेलं. पोरवयात अ‍ॅस्डा नावाच्या सुपरमार्केटमध्ये लोकांनी सोडलेल्या ट्रॉल्या गोळा करायचा. उंची मात्र साडेसहा फुटांच्या वर. डार्लिंग्टन, फुलहॅम, विगन, ब्रायटन असा फिरत फिरत जानेवारी २०२२ मध्ये न्यूकॅसलला आला, क्लब खड्ड्यात जायच्या बेतात असताना. १६ मार्च २०२५, वेम्बली, लीग कपची फायनल, समोर लिव्हरपूल. हाफटाइमच्या तोंडावर कॉर्नर आला आणि बर्नने घोळक्याबाहेरून येऊन डोक्याने असा काही बॉल मारला की गोलकीपरला हललेलंही कळलं नाही. न्यूकॅसल २-१. देशातला मोठा कप ७० वर्षांनी गावात आला. शिअरर त्या दिवशी प्रेक्षकांत होता, पट्ट्यापट्ट्यांच्या गर्दीत, इतरांसारखाच ओरडत.

शिअररने दहा वर्षं मोजलेलं बर्नच्या खात्यात जमा झालं, असं मी म्हटलं तर पुतण्या म्हणतो, बँक असं करत नाही. बरोबर आहे त्याचं.

पैशांनीच मोजायचं असेल तर सान्ती काझोर्ला. स्पेनचा, वीतभर उंचीचा, दोन्ही पायांनी सारखाच खेळणारा. कॉर्नर कुठल्या पायाने मारेल हे बॉल उडेपर्यंत कळायचं नाही. रेआल ओव्हिएडो हा त्याचा पोरवयातला क्लब. २००३ मध्ये क्लबाचं दिवाळं वाजलं म्हणून त्याला तिथून निघावं लागलं. पुढे व्हियारेआल, आर्सेनल, स्पेनसाठी दोन वेळा युरो कप. मग टाचेला अशी दुखापत झाली की जंतुसंसर्गाने टाचेमागचा स्नायुबंध काही सेंटिमीटर खाऊन टाकला. डॉक्टरांनी हाताची कातडी काढून घोट्यावर लावली. हातावर मुलीचं नाव गोंदलेलं होतं, त्यातली अर्धी अक्षरं हातावर राहिली आणि अर्धी पायावर गेली. मुलीचं नाव इंडिया. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा पुसून परत वाचलं.

तर हा माणूस २०२३ मध्ये, ३८ व्या वर्षी, ओव्हिएडोला परत गेला. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. फुकट खेळायला तयार होता, पण नियमात फुकट बसत नाही, म्हणून नियमाने देता येईल तेवढा किमान पगार घेतला आणि आपल्या जर्सीच्या विक्रीतले दहा टक्के क्लबाच्या मुलांच्या अकादमीला द्यायचे ठरवून घेतले. आधी २०१२ मध्ये क्लब बुडत होता तेव्हा बाहेरून शेअर घेऊन त्याने हातभार लावलेलाच होता. जून २०२५ मध्ये मिरांडेसला हरवून ओव्हिएडो २४ वर्षांनी पहिल्या डिव्हिजनमध्ये गेला. त्या मॅचमध्ये एक गोल काझोर्लाची पेनल्टी. इथे खतावणी बंद करतो, हिशेब लागला.

आता पुतण्याचा मुद्दा. तो रेआल माद्रिदचा. इंदूरचा मुलगा, माद्रिद कधी बघितलं नाही, स्पॅनिशचे चार शब्द येतात ते सगळे शिव्या. याला बालपणीचा क्लब म्हणायचं? मी नाही म्हणायचो. पण किलियन एम्बापेने मला अडवलं. पॅरिसजवळच्या बाँदीतला पोरगा, खोलीभर रोनाल्डोची पोस्टरं, आणि २०२४ मध्ये रेआलकडे गेला तेव्हा रोनाल्डोने पंधरा वर्षांपूर्वी केलं होतं तसंच एक-दोन-तीन म्हणून प्रेक्षकांना ओरडायला लावलं. त्याचंही प्रेम आजोबांकडून आलेलं नाही, भिंतीवरच्या कागदातून आलेलं आहे, माझ्या पुतण्याच्या खोलीत आहे तसंच. फरक एवढाच की तो तिथे पोचला. आणि दानिएले दे रोस्सी? आख्खं आयुष्य रोमाचा, घरचा माणूस. रोमाने निरोप दिल्यावर २०१९ मध्ये अर्जेंटिनाला बोका ज्युनियर्सकडे गेला, का तर ते मैदान, ते लोक, त्याचं लहानपणापासूनचं वेड होतं. थोड्या मॅचेस खेळला आणि जानेवारीत निवृत्त. दूरवरून केलेलं प्रेमही खरं असू शकतं, मानलं.

तसं इंदूरला तरी दुसरं काय आहे? आम्हाला मोठा फुटबॉल क्लब नाही. चिमणबागेत पोरं खेळतात, आणि दंतकथा म्हणाल तर ती एकच आणि तीही क्रिकेटची. दुसऱ्या महायुद्धात डेनिस कॉम्प्टन महूला लष्करात होता. मिडलसेक्सकडून क्रिकेट आणि आर्सेनलकडून फुटबॉल खेळणारा हा माणूस. पुढे आर्सेनलबरोबर १९४८ ची लीग आणि १९५० चा एफए कप जिंकला. त्याला होळकरांच्या संघाने बोलावलं आणि १९४५ च्या रणजी फायनलमध्ये मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ केल्या. होळकर तरी ३७४ धावांनी हरले. आर्सेनलचा खेळाडू इंदूरसाठी मुंबईशी लढला, हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्याने मोबाइल खाली ठेवला.

त्यातून आमच्या घरची भानगड निघाली. आमचे पणजोबा होळकरांच्या नोकरीत इकडे आले. वडील इथेच जन्मले, इथेच वाढले, पण रणजीत त्यांची टीम मुंबई. वाडेकर, गावसकर, वेंगसरकर. रेडिओला कान लावून ऐकलेली नावं. इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांत हे असंच आहे, बोलून कुणी दाखवत नाही. जून २०२२ मध्ये फायनलला समोरासमोर आले मध्य प्रदेश आणि मुंबई, बेंगळुरूत. मध्य प्रदेशाचा कोच चंद्रकांत पंडित, पक्का मुंबईकर, मुंबईला आधी रणजी जिंकून दिलेला. आणि हाच पंडित १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचा कॅप्टन म्हणून याच चिन्नास्वामीवर फायनल हरलेला.

पाच दिवस घरात टीव्ही चालू. मुंबईच्या सर्फराजच्या शतकाला वडिलांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्या इंदूरच्या रजत पाटीदारच्या १२२ ला त्याहून जोरात वाजवल्या. पुतण्या वैतागला.

"आजोबा, एक काय ते ठरवा ना."

"तू मॅच बघ."

पाचव्या दिवशी मध्य प्रदेश सहा विकेट राखून जिंकलं. पहिल्यांदाच. पंडितचे डोळे भरून आले, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. वडिलांनी चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाले, "बघ, शेवटी मुंबईच्याच माणसाने जिंकून दिलं." पुतण्या म्हणाला, हे चीटिंग आहे. त्यावरून दोघांचं अर्धा तास वाजलं. होळकरांचे चार रणजी कप मध्य प्रदेशाच्या खात्यात धरायचे की नाही, इथपर्यंत गाडी गेली. मी वडिलांच्या बाजूने बोलायला गेलो, तर तेच मला म्हणाले, "तू गप्प बस, तुला क्रिकेट कळत नाही."